इंग्रजीतला पेद्रू

सोमवारचा कडकडीत उपास आणि त्याच दिवशी मटणाचं सूप, असा माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे दत्तोबा. विचारलं तर शांतपणे म्हणायचे, "मास्तर, उपास दत्तोबाचा. चाखलं ते पेद्रूनं."

दत्तोबा मूळचे निपाणीकडचे. बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाचे खानसामा होते. घरून निघताना कपाळाला भस्म असायचं. कॅम्पाची हद्द लागली की ते पुसायचे, पाठ ताठ करायचे आणि इंग्रजी सुरू. इंग्रजीत त्यांचं नाव पेद्रू. दत्तोबा नावाचा इसम साहेबाला ठाऊकच नव्हता.

पेद्रू खरोखरच होता. गोव्याचा, कॅम्पातल्या एका बंगल्यावर स्वयंपाकी. दत्तोबा त्याच्या हाताखाली भांडी घासायचे. सुरी कशी धरायची इथपासून पुडिंगपर्यंत सगळं त्यानंच शिकवलं. तापाच्या साथीत तो गेला. जाताना जुन्या साहेबांनी दिलेल्या शिफारशीच्या चिठ्ठ्या त्यानं दत्तोबांच्या हातात ठेवल्या आणि म्हणाला, "घे. माझ्या नावावर पोट भर."

चिठ्ठ्या वाचून नवा साहेब म्हणाला, "ऑल राइट, पेद्रू." दत्तोबा म्हणाले, "येस सर." ते 'येस सर' पुढं पंचवीस वर्षं चाललं.

या व्यवस्थेची एक मोठी सोय होती. बशी फुटली, तर ती पेद्रूच्या हातून. साहेबाला थाप मारली, ती पेद्रूनं. नाताळात साहेबानं ग्लास पुढं केला, तो नाकारणं बरं दिसत नाही, म्हणून प्यायला तोही पेद्रू. झोकांड्या खात गल्लीत यायचे ते मात्र दत्तोबा. मग त्यांची बायको दारात आडवी उभी राहायची. "त्या पेद्रूला म्हणावं, कॅम्पातच ऱ्हा. माझा उंबरा वलांडू नगंस!" साऱ्या गल्लीबरोबर मीही पोट धरून हसायचो. इतकी चोख वाटणी मी वकिलांच्या घरीसुद्धा पाहिली नव्हती.

पुढं स्वातंत्र्य आलं आणि साहेब सामान बांधू लागला. पुण्याच्या मोठ्या हॉटेलात पेद्रूला ठेवून घ्यावं, अशी चिठ्ठी त्यानं लिहून ठेवली होती. दत्तोबांचं म्हातारपण निघालं, असं मी धरून चाललो. तर स्वारी माझ्याकडे हजर.

"मास्तर, साहेबाला इंग्रजीत अर्ज लिवा. पेद्रूच्या थडग्यावर दगड पायजे. लाकडाचा कुरूस हुता, वाळवीनं खाल्ला. कॅम्पाच्या ताब्यातली जागा ती, साहेबाच्या हुकमाबिगर तितं दगड बसत न्हाय."

"अहो, पण साहेबाच्या लेखी पेद्रू तुम्हीच! त्याचं थडगं कसं मागणार?"

"म्हणून तर. मी त्यो न्हवं, असं पैलं लिवा."

"हॉटेलची चिठ्ठी जाईल, दत्तोबा."

"जाऊ द्या. लई खाल्लं त्याच्या नावावर. वर पापं बी त्याच्याच नावावर घातली. मेलेला माणूस, न्हाय म्हणाया बी येत न्हाय त्याला."

एवढी वर्षं मी ज्या गोष्टीला हसलो, तिची मला त्या क्षणी फार लाज वाटली. मी अर्ज लिहिला आणि त्यांच्याबरोबर बंगल्यावर गेलो.

साहेबानं अर्ज दोनदा वाचला. लालबुंद झाला. खोट्या माणसाची शिफारस मी करत नसतो, म्हणाला आणि पुण्याची चिठ्ठी टरकावून टाकली. पंचवीस वर्षं चापलेलं पुडिंग काही खोटं नव्हतं, पण ते सांगायची माझी छाती झाली नाही. मग अर्ज पुन्हा पुढं ओढला आणि दगडाच्या हुकमावर त्यानं सही केली. कागद देताना विचारलं, "मग तुझं नाव काय?"

दत्तोबांनी सांगितलं. साहेबानं ते एकदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली.

दगडावर कोरायला पेद्रूचं आडनाव हवं होतं, गाव हवं होतं. दत्तोबांना दोन्ही माहीत नव्हतं. सुपात मीठ किती लागतं तेवढं माहीत होतं. शेवटी 'पेद्रू, स्वयंपाकी' एवढंच इंग्रजीत कोरलं. दगड बसला त्या दिवशी दत्तोबा त्याच्यापुढं मांडी घालून बसले आणि लहान पोरासारखे रडले. "आज मेला बघा, मास्तर. इतकी वर्सं मी त्याला मरू दिलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते मिशा आणि डोकं भादरून ओट्यावर बसले होते. येणारेजाणारे थबकत आणि विचारत, "कोण गेलं, दत्तोबा?"

"थोरला भाऊ."

दत्तोबा आईबापांचे एकुलते एक होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. त्या दिवशी कुणीच तसं म्हटलं नाही. त्यांच्या बायकोनं दहा दिवस सुतक पाळलं.