दुसरीकडं हजर

गुंजाळ गुरुजी रोज सकाळी साडेदहाला चोवीस मुलांची हजेरी घ्यायचे आणि त्यांतली तेरा मुलं त्या वेळी नॉर्वेत झोपलेली असायची.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. घाटघरच्या अलीकडं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की सोंडेवाडी नावाची वस्ती लागते. तिथं आमची चौथीपर्यंतची शाळा होती. दोन शिक्षक, म्हणजे एक गुरुजी आणि एक मी. सरकारी हजेरीपटावरची अकरा नावं संपली की गुरुजी पिशवीतून एक लांबडी वही काढायचे आणि खणखणीत आवाजात पुकारायचे, "माग्नुस." मग तिसरीतली हिरा उभी राहायची आणि सांगायची, "झोपलाय, गुरुजी." सोल्वेग? ती बी झोपलीय. इदा? ती उठली असल, तिला लांबून बोटीनं यावं लागतंय. तेरा नावं होईपर्यंत मी खिडकीबाहेरच्या धुक्याकडं बघत बसायचे आणि आपण डी.एड. कशासाठी केलं याचा विचार करायचे.

आमच्या शाळेत 'गैरहजर' या शब्दाला बंदी होती. मी रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी तो शब्द उच्चारला आणि सगळी मुलं गुरुजींच्या तोंडाकडं बघायला लागली. गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, "बाई, गैरहजर कुणी नसतं. माणूस दुसरीकडं हजर असतं. कुठं, ते आपल्याला ठावं पायजे." त्यामुळं एखादं मूल आलं नाही की बाकीच्यांनी ते नेमकं कुठं आहे ते सांगायचं. ताप आलाय असं नुसतं सांगून भागत नसे. घरात आहे की पडवीत, अंगावर गोधडी आहे की नाही, इथपर्यंत खोदकाम चाले. खात्री असेल तर गुरुजी शाईनं लिहायचे. ऐकीव असेल तर पेन्सिलनं, आणि खरंखोटं कळलं की मगच त्यावर शाई. त्यांच्या वहीत एका मुलाच्या नावापुढं सलग तीन दिवस शाईनं 'वळचणीला, पाऊस बघत' असं लिहिलेलं मी पाहिलंय.

गुरुजी मूळचे बेल्ह्याचे. म्हणजे आमच्या जुन्नर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाचे, जिथं ऊन आणि बैलबाजार आहे. सगळे शिक्षक जुन्नरला खोली घेऊन राहतात, मीही राहायचे. गुरुजी मात्र शाळेमागच्या खोलीतच राहायचे. घरी कोण कोण असतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "कुणी न्हाई. सगळी दुसरीकडं हजर." बायको गेली होती आणि मुलगा त्यांच्याशी बोलत नव्हता, हे मला पुढं दुसऱ्यांकडून कळलं.

नॉर्वेचं प्रकरण नाणेघाटामुळं उपटलं. घाट बघायला आलेली एक उंच बाई पावसात अडकली आणि आमच्या व्हरांड्यात येऊन बसली. इन्ग्रिद तिचं नाव. तीही शिक्षिका, कुठल्याशा बेटावर, तेरा मुलांच्या शाळेत. गुरुजींचं इंग्रजी बेताचं आणि तिचं मराठी शून्य, पण दोघं तासभर बोलले. निघताना गुरुजींनी तिच्याकडून तिच्या वर्गाची यादी लिहून घेतली. पाहुण्यांचा पत्ता सगळेच घेतात, हजेरीपट घेणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

मग प्रकल्प सुरू झाले. आमची मुलं बाटली कापून पाऊस मोजायची, तिकडची मुलं दिवस किती तासांचा ते मोजायची, आणि दोन्हीचे तक्ते भिंतीवर शेजारीशेजारी लागायचे. हिवाळ्यात माग्नुसच्या गावात सूर्यच उगवत नाही हे कळल्यावर हिरा आठवडाभर अस्वस्थ होती. आपला थोडा पाठवता येईल का, असं तिनं विचारलं. गुरुजींनी तो प्रश्न शाईनं लिहून घेतला.

व्हिडिओ कॉलसाठी पठाराच्या कडेच्या कातळावर जावं लागे, कारण रेंज फक्त तिथंच. पावसाळ्यात एका प्लास्टिकच्या कागदाखाली सगळी शाळा आणि मधे मोबाईल. पडद्यावर तिकडची मुलं हात हलवायची आणि मधेच थिजून जायची. आमची मुलंही मग तशीच थिजून उभी राहायची. त्यांना वाटायचं, तिकडची रीत असेल.

एकदा आम्ही भेट म्हणून हिरडा पाठवला. आमच्याकडं डोंगरात बायका हिरडा गोळा करतात, तेव्हा स्थानिक वस्तू म्हणून तोच निघाला. गुरुजींनी चिठ्ठीत 'आरोग्यास उत्तम' एवढंच लिहिलं. किती घ्यावा ते लिहायचं राहिलं. इन्ग्रिदबाईंनी मोठ्या आदरानं त्याचा काढा करून सगळ्या वर्गाला कपभर पाजला. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की आज वर्गात चारच मुलं आहेत. बाकीची नऊ दुसरीकडं हजर होती आणि कुठं, ते त्या एकाच दिवशी गुरुजींनी विचारलं नाही.

सहली तर विचारूच नका. मी मंचरची. कांद्याबटाट्याच्या गाड्या मोजत मी लहानाची मोठी झाले. तर गुरुजींनी सहल काढली ती मंचरच्या बाजारात, कांदा बघायला. दुसरी काढली बेल्ह्याच्या बैलबाजारात. तिथं व्यापारी बैलाचे दात बघून वय सांगतो हे पाहून पोरं इतकी खूश झाली, की परतीच्या टेम्पोत त्यांनी एकमेकांचे दात मोजले, माझेही मोजले. तो तक्ता नॉर्वेला गेला. तिकडून त्यांच्या दातांचा तक्ता आला. हिराचे आणि माग्नुसचे वरचे तेच दोन दात पडलेले निघाले. त्या दिवसापासून हिरा त्याला आपला भाऊ म्हणायला लागली.

मी हसायचे, पण मला यातून काही चांगलं होईल असं कधी वाटलं नाही. मी आले तेव्हा पटावर एकोणीस मुलं होती. मग सतरा, चौदा, अकरा. डोंगरातली भातखाचरं वर्षाला पुरत नाहीत. घरं कामाला खाली जायची, नारायणगाव, मंचर, जिथं काम मिळेल तिथं, आणि जाताना मुलं न्यायची कशी नि ठेवायची कुठं, हा प्रश्न उरतच नसे. ती बरोबरच जायची. दर दिवाळीनंतर एकदोन दारं बंद व्हायची आणि बंदच राहायची. तेरा परदेशी नावं पुकारली म्हणून वर्ग भरत नाही, हे मला दिसत होतं. मी ते बोलूनही दाखवलं. गुरुजी म्हणाले, "बाई, आठवण ठेवली की माणसं माघारी येत्यात." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

त्या वर्षी कमी पटाच्या शाळांत खरोखर किती मुलं बसतात ते बघायला एक साहेब आले. पट कागदावरचाच निघाला तर शाळा बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत मिसळायची, असं सगळीकडं चाललं होतं. ती शाळा ओढ्यापलीकडं. पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसालाही उतरू देत नाही. म्हणजे शाळा गेली तर आमच्या लहान मुलांचं शिकणंच जाणार होतं.

पटावर अकरा, वर्गात पाच. मी आदल्या दिवशी मुलांना पढवून ठेवलं होतं की विचारलं तर बाकीची आजारी आहेत म्हणा. गुरुजींना हे सांगितलं नव्हतं, कारण ते मान्य झालं नसतं.

साहेब तसे भले माणूस होते. त्यांनी भिंतीवरचे तक्ते पाहिले, नॉर्वेचं ऐकून हसले, चहा घेतला. मग हजेरीपट हातात घेऊन सहज म्हणाले, हा सोमनाथ दिसत नाही.

हिरा उठून उभी राहिली. मी तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं. पण तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. हजेरीला कधीच पाहायची नाही.

"त्यो मंचरला हाये," ती म्हणाली. "आईबा कांदं भरत्यात. मामानं तिथल्याच शाळंत नाव घातलंय त्याचं."

"आणि ही सुनंदा?"

"नारायनगावला. आता हितं यायची न्हाई. तिचं घर पाडलं."

एकेक करून सहाही जणांचा ठावठिकाणा हिरानं दिला. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कुठल्या शाळेत. एक अक्षर चुकलं नाही. साहेब लिहीत गेले. त्यांचा चेहराही पडला होता. त्यांनी गुरुजींना विचारलं, हे तुम्हाला माहीत होतं का. गुरुजींनी पिशवीतली लांबडी वही काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्यात तेच लिहिलेलं होतं, शाईनं.

साहेबांची गाडी वळणाआड गेली आणि मी हिरावर तुटून पडले. कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला, बुडवलीस शाळा, असं काहीबाही बोलले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. हिरा रडली नाही. तिला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

गुरुजी मधे आले. "बाई, तिला काय बोलू नका," ते म्हणाले. "बरोबर सांगितलं तिनं. मीच शिकवलंय."

मग खाली बसून त्यांनी हिराच्या पाटीवर दहापैकी दहा लिहिलं.

उन्हाळ्यात आदेश आला. शाळा मिसळली. मला ओढ्यापलीकडच्या गावी दिलं आणि गुरुजींना बेल्ह्याजवळच्या शाळेत. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं, गुरुजी, नशीब काढलंत, घराजवळची शाळा मिळाली. गुरुजी हो हो म्हणत होते आणि भिंतीवरचे तक्ते काढत होते. पावसाचा तक्ता ओला होऊन भिंतीलाच चिकटला होता, तो निघाला नाही. पाचांपैकी चार मुलं आईबापांबरोबर खाली गेली. हिराला आश्रमशाळेत घातलं. तिला गाडीत बसवून देताना गुरुजींनी तिला एकच गोष्ट सांगितली, वर्गात बसायची जागा खिडकीजवळ मिळाली तर कळव.

दिवाळीनंतर सोंडेवाडीच्या पत्त्यावर नॉर्वेचं पार्सल आलं. शाळाच नाही म्हणून पोस्टमननं ते माझ्याकडं दिलं. ते घेऊन मी बेल्ह्याला निघाले, तर वाटेत वाडीच्या फाट्यावर हिरा भेटली. हातात काठी, पुढं चार शेळ्या. सुट्टी आहे का, मी विचारलं.

"न्हाई. आले माघारी. लई दिस झालं."

का आलीस म्हटल्यावर तिनं वाटेबाहेर निघालेली एक शेळी काठीनं आत घेतली. मग म्हणाली, "तिथं नाव घेत्यात, बाई. पन कुणी न्हाई आलं तर नुसती फुली मारत्यात. कुठं गेली म्हून इचारीत न्हाईत."

मी तिला समजावलं, परत जा म्हणाले, मी स्वतः सोडते म्हणाले. ती हो म्हणाली. ती जाणार नाही हे दोघींनाही कळत होतं. पुढं बेल्ह्यापर्यंत मी रडतच गेले, एवढंच सांगते.

गुरुजींच्या नव्या शाळेत पोचले तेव्हा हजेरी चालू होती. मी दाराबाहेर थांबले. वर्ग भरलेला होता, चाळीसेक मुलं असतील. ती नावं संपली. मग लांबडी वही निघाली. माग्नुस? झोपलाय, सर. सोल्वेग? झोपलीय. इदा बोटीत होती. आणि त्यानंतर गुरुजींनी आवाज जरा खाली घेऊन आमची नावं घ्यायला सुरुवात केली. सोमनाथ? मंचरला, कांद्याच्या खळ्यावर. सुनंदा? नारायणगावला. कधी न पाहिलेल्या मुलांचा पत्ता ही पोरं घडाघडा सांगत होती.

"हिरा डामसे?"

"आश्रमशाळेत," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "खिडकीजवळ."

मी आत गेले. मुलं उभी राहिली. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं मला विचारलं, सोंडेवाडी कुठल्या देशात आहे. गुरुजी वाळले होते, दाढी वाढली होती, पण मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. पार्सल टेबलावर ठेवून मी पाण्याचा ग्लास शोधायला लागले.

"बाई," ते म्हणाले, "तुमी तिकडच्याच. पोरांनी सांगितलं ते ऐकीव हाये. आपली हिरा आश्रमशाळेत हजर हाये न्हवं?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. सांगायचं काय ते मला ठाऊक होतं, फाट्यावर, हातात काठी, पुढं चार शेळ्या.

"हजर आहे," मी म्हणाले.

गुरुजींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग हातातला पेन त्यांनी वहीवर आडवा ठेवला, खिशातून पेन्सिल काढली आणि हिराच्या नावापुढं हळूहळू लिहिलं.