बिनदाराची खोली

शेजारच्या शिवाप्पा मिस्त्रींच्या परसात मी पहिल्यांदा कढीपत्ता तोडायला गेले, तेव्हा भिंतीतून आले म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. भिंत म्हणजे जमिनीवर ओढलेली फक्कीची पांढरी रेघ. "बाई, भितीतनं कुठं निघालाय? दारातनं या की." शाळेत अख्ख्या वर्गाला दटावणारी मी मुकाट मागे फिरले आणि दोन विटांमधल्या 'दारातून' आत गेले. चपलाही बाहेर काढायला लावल्या.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. मिस्त्री मूळचे गडहिंग्लजकडचे. राजारामपुरीतले निम्मे बंगले आपणच बांधले, असं ते सांगत. गुडघे गेले तसं काम सुटलं, पण हातातली दोरी आणि काटकोन बघायचा गुण्या काही सुटेना. मग घरामागच्या तुकड्यावर त्यांनी बाग आखली, ती थेट घराच्या नकाशासारखी. कढीपत्ता, गवती चहा आणि मिरच्या स्वयंपाकघरात. तुळस देवघरात. जास्वंद सोप्यात, आल्यागेल्याला दिसावी म्हणून. अळूला मोरी दिली होती. एकदा मोगरा वीतभर सरकलेला दिसला, तर कळ्यांनी भरलेलं झाड उपटून त्यांनी पुन्हा लावलं. "गुण्यात न्हाय ते डोळ्यात सलतंय," एवढंच कारण. पावसानं फक्की वाहून गेली की दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी ताणायची. त्यांची बायको शांताक्का कपाळावर हात मारून घ्यायची, पण धुणं वाळत घालायला तीही दारातूनच जायची.

या घरातली एक खोली मात्र रिकामी होती. चांगली ऐसपैस. माती भुसभुशीत, शेणखत घातलेलं, रोज पाणी, आणि रोप एकही नाही. चारी बाजूंनी रेघ सलग. जन्मभर घरं बांधलेल्या माणसानं खोलीला दारच ठेवलं नव्हतं. मी तसं म्हणाले, तर मिस्त्री एवढंच बोलले, "ते तुमचं काम न्हवं." त्यांचा आवाज ऐकून मी आठवडाभर कढीपत्ता मंडईतून आणला.

खरं काय ते शांताक्कानं सांगितलं. मुलाचं, बसवराजचं लग्न झालं आणि दोन खोल्यांत चार माणसं झाली. त्यानं मागच्या जागेत एक खोली बांधून मागितली. मिस्त्री म्हणाले, आमचा संसार एका खोलीत झाला. शब्दानं शब्द वाढला. गावाला घरं बांधता आणि पोराला एक खोली नाही, असं सुनावून तो बायकोला घेऊन हातकणंगल्याला भाड्यानं राहायला गेला. तीन वर्षं झाली, फिरकला नव्हता. खोली मागितली होती ती नेमकी या जागेवर.

अखेर शांताक्कानंच माझ्या घरच्या फोनवरून दोघांना बोलावलं, मिस्त्रींना न विचारता. मिस्त्री भडकले तर निम्मा दोष माझ्या फोनवर येणार, म्हणून त्या रविवारी मीही कढीपत्त्याचं निमित्त काढून परसात हजर राहिले.

सून आधी आत आली, चपला काढून, विटांमधून. हातात ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं अबोलीचं रोप. बसवराज फाटकाशीच उभा, एक हात कडीवर. मिस्त्रींनी दोघांकडे पाहिलं आणि मान खाली घालून दोरी गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार आणि ती दोघं आल्या पावली परत जाणार.

सून रेघांच्या कडेकडेनं त्या रिकाम्या खोलीपाशी गेली आणि थांबली. रेघ तिनं ओलांडली नाही.

"मामा, हितनं आत जायचं कसं? दार न्हाय की."

मिस्त्री उठले. गुडघा धरत तिच्याजवळ गेले आणि पायानं फक्की पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते.

"ऱ्हायलं हुतं माझ्याकडनं," ते म्हणाले. मग फाटकाकडे न बघता त्यांनी दोरीचं टोक पुढं केलं. "ये, धर हिकडनं. दार रुंद पायजे."

बसवराज आला, तो तीन भिंती तुडवत सरळ आला. मिस्त्री त्याला काही म्हणाले नाहीत. दोघं दोरी ताणून उभे राहिले. कढीपत्ता न घेताच मी निघाले, तीही भिंतीतून, आणि मला कुणी परत पाठवलं नाही.