एका कडीतल्या दोन किल्ल्या

"माझ्या हातून आयुष्यात एक किल्ली हरवलेली दाखवा, मिशी उतरवून देतो!"

हे वाक्य खुळखुळेसाहेब दिवसातून सरासरी तीनदा ऐकवायचे. कुणी विचारलेलं नसताना! ते एका मोठ्या इस्पितळात स्टोअरकीपर होते. चादरी, बादल्या, सलाईनच्या बाटल्या, खुर्चीचे सुटे पाय, सगळं कुलपात. आणि त्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेच्या एका पितळी कडीत. मोजून त्रेचाळीस! साहेब चालायला लागले की असा खुळखुळाट व्हायचा की झोपलेले पेशंट जागे व्हायचे. खुळखुळे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते इस्पितळाने प्रेमाने ठेवलेलं होतं. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं, पण पुढे 'साहेब' लावतात ना, मग त्यांची काही हरकत नव्हती.

तर या जुडग्याचं एक शास्त्र होतं. एका वर्गातल्या किल्ल्या एकमेकींना चिकटवून, त्यांच्या डोक्यांभोवती काळी चिकटपट्टी गुंडाळायची. कपाटांच्या किल्ल्यांचा एक गठ्ठा, गोदामाच्या किल्ल्यांचा दुसरा, घरच्यांचा तिसरा. आणि सर्वात कडक नियम म्हणजे जुडगा परक्याच्या हातात कधीही द्यायचा नाही. प्रत्यक्ष इस्पितळाच्या मालकाने मागितला तरी साहेब हवी ती एकच किल्ली सोडवून देणार, समोर उभे राहणार आणि काम झालं की परत ओवून पट्टी गुंडाळणार. या सोडवण्या-गुंडाळण्याला चार मिनिटं लागायची. तेवढ्यात इमर्जन्सी वॉर्डातला माणूस बराही व्हायचा, असं नर्स म्हणायच्या. जळतात, दुसरं काय!

त्या रविवारी त्यांचा मेहुणा आला. तो सहा महिन्यांसाठी परदेशी चालला होता.

"भावोजी, माझी गाडी तुमच्या आवारात उभी करतोय. ही किल्ली. फक्त सांभाळा. चालवू नका."

"अरे, सांभाळणं म्हणजे काय, हे जगाला मी शिकवतो!" असं म्हणून साहेबांनी मेहुण्याची किल्ली कडीत ओवली. आपल्या गाडीची किल्ली आणि मेहुण्याच्या गाडीची किल्ली, दोन्ही 'वाहने' या वर्गातल्या. दोघींची काळी जाड डोकी एकमेकींना टेकवली आणि पट्टी मारली. पाच वेढे! पुढची सगळी रामकहाणी त्या पाच वेढ्यांची आहे, पण हे तेव्हा ठाऊक कुणाला?

सोमवारी सकाळी साहेब ऐटीत गाडीत बसले. किल्ली घातली, फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा फिरवली. सुरू, बंद. समोरच्या काचेखाली किल्लीचं एक छोटंसं लाल चित्र लुकलुकत होतं.

"अहो, ते लाल काय दिसतंय?" खिडकीतून बाईसाहेबांनी विचारलं.

"किल्लीचं चित्र आहे. म्हणजे किल्ली आत आहे, असं गाडी सांगतेय."

"ते तुम्हाला माहीत नाही का? तुम्हीच घातलीत ना?"

हा प्रश्न साहेबांना उत्तर देण्याच्या लायकीचा वाटला नाही. त्यांनी मेकॅनिकला फोन केला.

मेकॅनिक आला. बिचारा चांगला माणूस, हातातली हत्यारांची पिशवी एवढी जड की एका बाजूला कलून चालायचा. त्याने हात पुढे केला. साहेबांनी त्याच्याकडे पाठ करून, नियमाप्रमाणे चार मिनिटं घेऊन पट्टी उकलली, आपल्या गाडीची एकटी किल्ली सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली. त्याने फिरवली. गाडी अशी सुरू झाली जणू कधी बंदच नव्हती!

"साहेब, काय झालंय हिला? मस्त आहे की!"

"अहो, आत्ता बंद पडत होती!"

"असेल, असेल," मेकॅनिक म्हणाला. पेशंटच्या नातेवाइकाशी डॉक्टर ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात. आणि गेला.

साहेबांनी किल्ली परत ओवली. पाच वेढे. बसले. दोन सेकंद, आणि बंद!

मंगळवारी मेकॅनिक पुन्हा आला. किल्ली सोडवून त्याच्या हातात. गाडी सुरू. तो कोपऱ्यावर वळला, साहेबांनी पट्टी गुंडाळली, गाडी बंद. बुधवारी त्याने प्लग बदलले, कसलीशी जाळी साफ केली, बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला. नंतर हळूच म्हणाला, "साहेब, मी आलो की चालू होते. खोटं कशाला बोलू?"

"त्याच्यावर विश्वास आहे तिचा," बाईसाहेब म्हणाल्या. "तुमच्यावर नाही. मी तिला दोष देत नाही."

आता खुळखुळेसाहेब म्हणजे काही साधा माणूस नव्हे. त्यांनी अभ्यास केला. मेकॅनिक आला की सुरू होते, म्हणजे त्याच्यात असं काय आहे जे आपल्यात नाही? बुधवारी संध्याकाळी ते मेकॅनिकसारखी टोपी घालून, घरातली हातोडी आणि पाने पिशवीत भरून, एका बाजूला कलून चालत गाडीपाशी गेले. त्यांची मुलगी गॅलरीत उभी होती. तिने फक्त कपाळावर हात मारला.

गाडी दोन सेकंद चालली. टोपी घालूनही!

हे सगळं कुणी हसण्यावारी नेलं असतं. पण गुरुवारी मुलीची मुलाखत होती. वर्षभर घासून, परीक्षेच्या दोन पायऱ्या चढून ती इथवर आली होती. शहराबाहेरच्या एका प्रयोगशाळेत नोकरी, जागा एकच, बोलावलेले सहा. पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: नऊ वाजता फाटक बंद होईल, नंतर कुणालाही आत घेतलं जाणार नाही. पोरगी दोन दिवस धड जेवली नव्हती.

"बाबा, मी टॅक्सी सांगून ठेवते."

"टॅक्सी? घरात एक नव्हे, दोन गाड्या उभ्या असताना? लोक काय म्हणतील! आपली नाही चालली तर मामाची आहे ना!"

"मामा म्हणालाय, चालवू नका."

"चालवणार कोण आहे? फक्त पोचवणार आहे!"

गुरुवारी सकाळी पावणेआठला आपली गाडी: दोन सेकंद, बंद. साहेब शांत. ऐटीत उतरले आणि मेहुण्याच्या गाडीत जाऊन बसले. चिकटवलेल्या जोडीतली दुसरी किल्ली घातली. सुरू! मुलीने पर्स उचलली. बंद! आणि समोर तेच लाल चित्र.

साहेबांना घाम फुटला. त्यांनी मेहुण्याला फोन लावला. "अरे, तुझ्या गाडीला आमच्या गाडीचा रोग लागला! शेजारी शेजारी उभ्या आहेत ना!"

पलीकडून आवाज आला, "भावोजी, तुम्ही माझी गाडी का सुरू करत होतात?"

"तुला ऐकू येत नाहीये. लाईन खराब आहे," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

"बाबा!" मुलगी आता रडकुंडीला आली होती. टॅक्सीवाल्यांना फोन लावून झाले. या वेळेला एकही रिकामी नव्हती. शेवटी पुन्हा मेकॅनिक! तो अर्धवट दाढी केलेल्या अवस्थेत स्कूटरवरून आला. किल्ली सोडवली, हातात दिली. आणि अर्थातच गाडी सुरू झाली.

"आता उतरू नका!" साहेब ओरडले. "तुम्हीच चालवा. हिला तुम्ही आवडता!"

मेकॅनिकने स्टेअरिंग धरलं, मुलगी शेजारी बसली, साहेब मागे जुडगा मांडीवर घेऊन. गाडी अशी पळत होती की विचारू नका. मुलगी ओठांतल्या ओठांत उत्तरं पुटपुटत होती. आणि साहेब अस्वस्थ. का? तर किल्ली वीस मिनिटं जुडग्याच्या बाहेर होती! इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. पोरीच्या मुलाखतीचं दडपण नव्हतं असं नाही, पण माणसाला एका वेळी किती दडपणं घेता येतात?

वाटेत पेट्रोलचा दिवा लागला. सलग चार दिवस दोन-दोन सेकंद चालवून का होईना, पेट्रोल संपतंच. पंपावर माणसाने खूण केली, इंजिन बंद करा. मेकॅनिकने बंद केलं आणि टाकीचं झाकण उघडायला उतरला. मुलगी कागद वाचत होती. पेट्रोल भरून होईपर्यंत साहेबांनी पुढे वाकून किल्ली काढली, कडीत ओवली, पाच वेढे मारले आणि समाधानाने ड्रायव्हरच्या जागी येऊन बसले.

"तुम्ही दमला असाल. आता मी घेतो," मेकॅनिकला ते म्हणाले आणि किल्ली फिरवली.

दोन सेकंद. बंद.

मागच्या गाडीने भोंगा वाजवला. त्याच्या मागच्याने त्याहून मोठा. आठ छत्तीस! पुन्हा फिरवली. बंद. "ढकला, ढकला!" कुणीतरी ओरडलं. चार जणांनी ढकलली. ढकलूनही सुरू होईना. गाडी फक्त कडेला लागली, आणि साहेबांच्या मिशीवरून घाम ओघळायला लागला.

"मला जायचंय हो बाबा," मुलगी एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि मग, देवाची कृपा, तिला राग आला! रागात तिची नजर स्टेअरिंगखाली लोंबणाऱ्या त्या जुडग्यावर गेली. "काका, तुमच्या हातात बाबा नेहमी एकटीच किल्ली देतात ना?"

"हो. का?" मेकॅनिकने खिडकीतून आत वाकून पाहिलं. चार दिवसांत त्याला पहिल्यांदाच तो गठ्ठा दिसला. काळी पट्टी, आणि तिच्यात एकमेकींना बिलगलेली दोन डोकी.

"साहेब! ही दुसरी किल्ली कुणाची?"

"मेहुण्याच्या गाडीची. वर्ग एकच आहे ना!"

"अहो, किल्लीच्या डोक्यात चिप असते! तांदळाच्या दाण्याएवढी. तिला सेलबिल काही लागत नाही. किल्लीच्या भोकाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते तिला जागं करून विचारतं, कोण तू? चिप आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा असला तरच इंजिन चालू राहतं, नाहीतर दोन सेकंदांत बंद. चोराने किल्लीचे दात हुबेहूब कापून आणले तरी नंबर कुठून आणणार?"

"पण मी चोर नाही! माझी किल्ली आपला नंबर सांगतच असेल की!"

"सांगत होती हो! पण तिच्या डोक्याला डोकं लावून दुसरीही आपला नंबर सांगत होती! दोघी एकदम! गाडीला एकीचंही धड ऐकू येत नव्हतं. ते लाल चित्र म्हणजे, ही किल्ली मी ओळखत नाही! आणि त्या गाडीचंही तेच. चार दिवस! मी प्लग बदलले, साहेब!"

"असं आहे होय," साहेब म्हणाले आणि नखाने पट्टीचं टोक शोधायला लागले. "थांबा, सोडवतो. चार मिनिटं—"

"चार मिनिटं?" मुलगी किंचाळली. तिने गाडीतली प्रथमोपचाराची पेटी उघडली, बँडेज कापायची छोटी कात्री काढली, पाचही वेढे एका दणक्यात कापले आणि आपल्या गाडीची किल्ली कडीतून ओढून काढली. जुडगा, बाकीच्या सगळ्या किल्ल्या आणि मेहुण्याची एक, असा सगळा संसार साहेबांच्या मांडीवर पडला. हातात उरली एकटी किल्ली. तिने वळसा घालून येऊन बापाला पलीकडच्या सीटवर ढकललं, स्वतः बसली, किल्ली फिरवली. मेकॅनिक कसाबसा मागे चढला.

पुढच्या एकोणीस मिनिटांत साहेबांनी आपल्या मुलीचं ड्रायव्हिंग पहिल्यांदाच नीट पाहिलं. म्हणजे डोळे उघडे होते तेव्हा. आठ अठ्ठावन्नला गाडी फाटकापाशी थांबली आणि पोरगी पळत आत गेली. तिच्या मागे फाटक बंद झालं.

मग दोन तास दोघे बाहेर बसले. मेकॅनिकची राहिलेली दाढी तशीच. साहेब एकदाच म्हणाले, "शास्त्र चुकीचं नव्हतं हो. वर्ग चुकला." मेकॅनिकने दुसरीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

अकराला मुलगी बाहेर आली. दोघेही ताडकन उठले.

"काय झालं?"

"शेवटी त्यांनी विचारलं, कामाच्या ठिकाणी एखादी चुकीची पद्धत वर्षानुवर्षं चालू आहे आणि ती चालवणारी व्यक्ती तुमच्यापेक्षा ज्येष्ठ आहे. तर त्यांना तुम्ही कसं पटवाल?"

साहेब एक पाऊल मागे सरकले. "मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पटवायला आधी वेळ आहे का ते बघीन. नसला तर कात्री घेईन. नंतर पटतं आपोआप. मग म्हणाले, उदाहरण द्या. दिलं."

"नाव नाही ना सांगितलंस माझं?"

"फक्त 'माझे वडील' म्हटलं. मुलाखत घेणारे पाचही जण हसून हसून लाल झाले. एकाला पाणी द्यावं लागलं. आणि मग विचारलं, पहिल्या तारखेपासून रुजू होणार का?"

मेकॅनिकने आनंदाने साहेबांच्या पाठीत एवढा जोरात धपका मारला की साहेब दोन पावलं पुढे गेले. त्यांचे डोळे भरून आले. लेक मिळवती झाली! वर्षभराच्या कष्टांचं चीज झालं! ते पुढे झाले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मुलीचेही डोळे ओलावले. "बोला ना, बाबा," ती म्हणाली.

"बाळा," साहेब दाटून आलेल्या आवाजात म्हणाले, "ती कात्री परत पेटीत ठेवलीस ना?"