दोनशे सत्तर, सॉफ्ट पॉइंट

बंदुकीतलं मला कळतं! उगाच विनय कशाला? दापोलीला माझे मामू रानडुकरं मारायचे आणि त्यांच्या बंदुकीला तेल मी लावायचो. स्वतः एकही बार काढलेला नाही, पण म्हणून काय झालं? हलवायाला मधुमेह झाला म्हणून त्याला पेढ्यातलं कळत नाही का?

१९६४ साली मी दुबईला, देरा नावाच्या बाजारभागात, अरबाब ओबैद यांच्या दुकानात क्लार्क होतो. अरबाब म्हणजे मालक. एके सकाळी त्यांनी बंदुकांचा कॅटलॉग माझ्यापुढे आपटला.

"तय्यब! हिरन के लिए कौनसा रायफल?"

त्यांच्या मुलीची सोयरीक ठरत होती. होणारे व्याही उम्म अल कुवैनचे, शिकारीचे भलते शौकीन. त्यांना पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी शिकारीला बोलावलं होतं. म्हणजे मुलीचं लग्न आता माझ्या ज्ञानावर!

अरबाबनी सगळ्यात जाडजूड रायफलीवर बोट ठेवलं.

"थ्री सेव्हंटी फाइव्ह? अरबाब, ये हत्ती का है!" मी म्हणालो. "आपला हिरन बकरीएवढा. शिंगंच उरतील. व्याही काय शिंगं चघळणार?"

"और थ्री-नॉट-थ्री?"

"वो मिलिटरी का! टणक गोळी हरणातून आरपार जाऊन मागच्या उंटाला लागेल. मग हरीण पळेल पुढे आणि उंटवाला आपल्या मागे!"

"तो फिर?"

"टू-सेव्हंटी! उघड्या वाळवंटात हरीण जवळ येऊ देत नाही. हिची गोळी लांबवर सरळ जाते. आणि काडतूस सॉफ्ट पॉइंट! मऊ शिशाचं टोक आत शिरलं की फुलतं. हरीण जागच्या जागी खलास!"

"खलास!" अरबाब खूश.

रायफल बैरूतहून आली, नुसती. काडतुसं मी मुंबईहून मागवायचं ठरवलं. तिथला आमचा आडत्या यूनुस दुकानाला चहापासून चादरीपर्यंत सगळं पाठवायचा. परवाना-बिरवाना तो बघून घेईल अशी माझी खात्री होती. मी इंग्रजीत तार लिहिली : "टू-सेव्हंटी कार्ट्रिज, सॉफ्ट पॉइंट, अर्जंट."

खतीजा, म्हणजे आमची बायको, खांद्यावरून वाचत होती. "अहो, बंदुकीच्या गोळ्या म्हणून लिहा की!"

"तारेत पाल्हाळ लावत नसतात! आणि गोळ्या लिहिलं तर तो डोकेदुखीच्या पाठवील!"

यूनुसची उलट तार आली : "रबर पण पाठवू का?"

"बघ!" मी खतीजाला म्हणालो. "जाणकार माणूस! धक्का बसू नये म्हणून रायफलीच्या दस्त्याला मागे रबर लावतात." मी कळवलं, "भरपूर पाठव!"

पेटी बोटीवरून उतरली ती थेट शिकारीच्या शुक्रवारी सकाळी. दोन हमाल घामाघूम! शिशाचा माल जड असायचाच. मजलिसमध्ये, म्हणजे अरबाबच्या बैठकीच्या खोलीत, व्याही बसलेले, अरबाब मांडीवर रायफल घेऊन बसलेले. मी ऐटीत फळी उचकटली.

आत कागद! पांढरेशुभ्र, जाडजूड, दोनशे सत्तर दस्ते!

"पॅकिंग!" मी हसून म्हणालो आणि खाली हात घातला. तर पेन्सिली! सॉफ्ट पॉइंट! आणि त्याखाली खोडरबरांची खच्चून भरलेली पोती!

डोक्यात उजेड पडला तेव्हा फार उशीर झाला होता. चित्रं काढायच्या जाड कागदालाही कार्ट्रिजच म्हणतात हो!

"तय्यब," अरबाब अगदी हळू म्हणाले. ते हळू बोलले की समजावं, पहिल्या बोटीने रत्नागिरी! "इससे हिरन मरेगा?"

"अरबाब... टोक तर मऊच आहे."

मग व्याह्यांच्या पोटातून जुन्या लाँचचं इंजिन सुरू झाल्यासारखा आवाज आला. ते हसत होते! डोक्यावरचा रुमाल घसरला, डोळ्यांतून पाणी आलं. अरबाबचा हात धरून ते अरबीत काहीतरी म्हणाले. अरबाबनी मला सांगितलं, "बोलते हैं, जिस घर में इतना हँसी है, वहाँ रिश्ता पक्का!"

मी छाती फुगवली. अखेर मुलीचं लग्न माझ्याच ज्ञानावर ठरलं होतं!

"लेकिन हिरन तो देखेंगे," व्याही डोळे पुसत आता हिंदीत म्हणाले. "यल्ला!"

गाडी वाळवंटात गेली. आणि काय सांगू, बार नाही, काही नाही म्हटल्यावर एक हरीण खुशाल समोर येऊन उभं राहिलं! अरबाबनी कागद-पेन्सिल माझ्या हातात कोंबली. "मारो अभी!"

मी मागे हटतो की काय! जीव ओतून काढलं. पाय, शिंगं, शेपूट, सगळं जिथल्या तिथे. व्याह्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, मग जवळ धरला.

"माशाल्ला! बहुत सुंदर!" ते मनापासून म्हणाले. "ये कुत्ता किसका है?"

नुकतीच पक्की झालेली सोयरीक. तिथे वाद घालायचा नसतो.

"शेजारी का," मी म्हणालो.