खालच्या आळीच्या विहिरीवर तारलीची स्वारी

वेल्हे प्रांतीच्या लहानथोर वाचकांस ठावे व्हावे जे, शके अठराशे अठ्ठावन, धातानाम संवत्सरी, वैशाखमासी मार्गासनीनजीकच्या वाडीत जो प्रसंग गुदरला, तो चावडीवरच्या गप्पांत नासू नये, यास्तव येथे साद्यंत दाखल केला असे.

राजश्री चिमाजी पाटील हे वाडीचे मुखत्यार. पागोटे भारी, विचार हलका. ते भाच्याच्या लग्नास बाणकोटास गेले आणि तेथे समुद्र प्रथमच नजरेस पडला, मग कोळणीच्या पाटीत तारली पाहिली आणि होती ती अक्कलही तेथेच ठेवून आले. आता तारली म्हणजे काय, हे मुलांनी नीट समजून घ्यावे; पाटलांनी घेतले नाही. ती मासळी खाऱ्या दर्याची रयत. अंग वीतभर, पाठ निळसर, कुशी रुपेरी, आणि पोटाच्या कडेस टोकदार खवल्यांची ओळ. उलटे बोट फिरवावे तर करवतीसारखी लागते. ती काही चावून खात नाही. कल्ल्यांत फणीसारखे दाते असतात, त्यांतून पाणी गाळून डोळ्यांस न दिसणारे जीव पोटी घालते. एकटी राहत नाही, हजारोंच्या थव्याने फिरते, आणि मादी अंडी सोडते तीही उघड्या समुद्रात तरंगत राहतात.

पैकी अंड्यांचा मजकूर तेवढा पाटलांच्या कानी राहिला. मग त्यांनी मसलत केली ऐसी जे, तारली आपल्या विहिरीत सोडावी, दिवाळीस विहीर मासळीने भरेल आणि नसरापूरच्या बाजारात आपला दबदबा बसेल. मग दर्याच्या पाण्याने हंडे भरविले, आत जिवंत तारली कोंबली, मचव्याने खाडी धरून महाड गाठले, आणि भोरच्या शब्बीर गाडीवानाची गाडी करून वरंधा घाट चढू लागले. हंड्यात पोहण्यास मैदान नाही, पाण्यातले वारे सरले, मग पहिल्याच वळणास अवघी फौज पोट वर करून पडली. पाटलांनी हंड्यात डोकावून हुकूम फर्माविला जे, फौज निजली आहे, कोणी गलका न करावा.

शब्बीरने नाकाला पटका लावला. "पाटील, निजलेल्याला असा वास येत न्हाई."

"दर्याचा वास हाय त्यो. तुमी बैलं हाका."

"बैलं बी तोंड फिरवत्यात. त्यास्नी समजवा."

भोर मागे पडले, आणि नसरापुरी मांजरांची एक तुकडी पिछाडीस सामील झाली. तेथे पाटलांस नवी अक्कल सुचली जे, फौज जागी होत नाही ती अळणी हवेमुळे. विहिरीत मीठ ओतावे, म्हणजे विहिरीचा दर्या होतो. मग मिठाची पोती गाडीवर चढविली आणि मोठ्या डौलाने वाडीत दाखल जाहले.

त्या वैशाखात वाडीच्या साऱ्या विहिरींचे तळ उघडे पडले होते. पाणी उरले ते एका खालच्या आळीच्या विहिरीस, आणि पाटलांची नजर त्याच विहिरीवर. वर्तमान कळताच पाटलांच्या चुलत भावजय फुलाबाई आळीच्या बायका घेऊन कूच करून आल्या आणि कठड्यावर ठाण मांडून बसल्या.

"भावजी, हिरीत मीठ वतल्यावर आमी प्यावं काय?"

"वहिनी, थोडं दीस वढ्याचं आना."

"वढा तुमच्या डोक्यागत कोरडा हाय."

मग फुलाबाईंनी तहाची कलमे मांडली जे, विहिरीचे पाणी एका घमेल्यात घेऊन त्यात मीठ कालवावे. त्यातले तांब्याभर पाटलांनी पिऊन दाखवावे, उरलेल्यात तारली सोडावी, आणि एकीने जरी पर हलविला तरी आम्ही उठतो. पाटील अब्रूस भिऊन तांब्या घटाघट प्याले, डोळ्यांस पाणी आले, तरी मिशीवर हात फिरविला आणि फौज घमेल्यात उतरविली. तोच मांजराने झडप घालून एकीचे शेपूट धरले.

"हालली," पाटील म्हणाले.

"मांजरानं वढली म्हून हालली," शब्बीर म्हणाला. "तुमाला वढलं तरी तुमी हालशीला."

आणि बायका हसू लागल्या, आणि ऊन चढले, आणि पोटातल्या मिठाने पाटलांचा घसा पेटला. त्यांनी वरच्या आळीत माणूस पिटाळला, तो रिकामी कळशी घेऊन परतला. मग पागोटे सोडून घाम पुसला आणि कठड्यापाशी आले.

"वहिनी, घोटभर पानी द्या."

"घमेल्यात हाय की."

"त्ये नगं. हिरीतलं द्या."

"मंग आदी पोती गाडीवर चढवा."

पाटलांनी पोती स्वहस्ते उचलून गाडीवर घातली, हंडे आणि घमेले शब्बीरने लांबच्या उकिरड्यात उपडे केले, आणि मांजरांनी लूट आपसांत वाटून घेतली. मग फुलाबाई कठड्यावरून उठल्या, पोहरा सोडला आणि तांब्या भरून दिला. पाटलांनी तो रिचविला, मग आणखी एक मागितला, आणि तोही रिचवून चारचौघांत जबानी दिली जे, "गोड हाय."

येणेप्रमाणे खालच्या आळीची फत्ते जाहली. विहीर राखिली, माणूस एकही दगावले नाही, आणि शत्रूच्या तोंडची जबानी हीच विजयाची सनद समजावी.