शेजाऱ्याची खरूज

शिराळ्याच्या अलीकडच्या गावात निवृत्त हवालदार नाथाजींच्या घरी माणसे अकरा, खाजवणारी अकरा आणि खरूज झालेले शून्य. खरूज प्रतिष्ठित घरात होत नाही, हे वैद्यकशास्त्राला अजून कळायचे आहे.

आरोग्य उपकेंद्रातल्या भार्गवीने घरच्यांची कारणे रीतसर लिहून घेतली: उष्णता चार, उसाचा पाला तीन, बोअरचे पाणी तीन, सैन्यातली सवय एक (नाथाजी). मग नातू शिवतेजच्या बोटांच्या बेचक्यातली कातडी खरवडून तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरली. किडा आठ पायांसह हजर होता.

"त्यो तुमच्या काचंतला आसंल," नाथाजी म्हणाले. "आवं म्याडम, खरूज गरिबाला हुती. आमाला ॲलर्जी हाय."

शिवतेजची भरतीची मेडिकल तीन आठवड्यांवर आली होती. भार्गवीने सांगितले, "मामा, मलम अकराही जणांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून तळव्यापर्यंत. खाज असो वा नसो. कपडे, अंथरुणं गरम पाण्यात धुवायची."

"मेडिकल एकट्याची हाय. अकरा जणं कशाला माखायची?"

तर्क बिनतोड होता. एकट्या शिवतेजने मलम लावले, तो बरा झाला आणि भावंडांबरोबर त्याच वाकळेत झोपला. किडे परतले; त्यांना पत्ता ठाऊक होता. मेडिकलच्या डॉक्टरांनी त्याचे हात पाहिले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितले. ही शेवटची संधी.

दुसऱ्या दिवशी नाथाजी उपकेंद्रात आले. दार लोटून म्हणाले, "आमचा येक शेजारी हाय. त्येला अकरा ट्यूबा पायजेत."

"नाव?"

"नाव नगा लिऊ. त्येच्या नातवाची मेडिकल हाय."

भार्गवीने रजिस्टरात 'शेजारी' असे लिहिले आणि शेजाऱ्याने मलम दोनदा, आठवड्याच्या अंतराने लावावे, असे बजावले. शेजारी शिस्तीचा निघाला. नाथाजींनी शिट्टी वाजवून अकरा जणांना परसात ओळीने उभे केले, अशी शेजाऱ्याची बातमी समजली.

ही सोय गावाला आवडली. महिनाभरात नाथाजींचे घर धरून दोनशे बारा घरांतून माणसे आली, सगळी परोपकारी. स्वतःसाठी कुणीच आले नाही. (रंगूबाई तर दोन शेजाऱ्यांसाठी घेऊन गेल्या, त्यांचे घर गावाबाहेर, माळावर एकटे आहे.)

सहा आठवड्यांनी शिवतेज मेडिकल पास झाला. भार्गवीने अहवाल पाठवला: गावात खरूज असलेले शून्य, उपचार घेतलेले शेजारी दोनशे तेरा.

वाचकाचे घर यात धरलेले नाही. त्याची नोंद शेजारच्यांनी वेगळी केली आहे.