खिडकीजवळचं कपाट

या व्यवहारात माझ्या मेहुण्याला गमावण्यासारखं काहीच नव्हतं. मिळणार होतं ते मात्र घसघशीत: जमलं तर बायको, नाहीच जमलं तर निदान थोडं वाचन. आमच्या हायस्कुलात मी गणित शिकवतो, तो खेळ. मुलं त्याला शिट्टी सर म्हणतात, कारण तो बोलतो कमी आणि वाजवतो जास्त. यंदा नव्या ग्रंथपालबाई आल्या आणि ती शिट्टीही बंद पडली. तो ग्रंथालयाच्या दारातून आत डोकावायचा आणि घाम पुसत परत यायचा.

शेवटी बायको मला म्हणाली, तुम्ही एवढे हुशार, माझ्या भावाचं काहीतरी बघा. हुशार म्हटलं की मला गप्प बसता येत नाही. मी शिट्टीला समोर बसवून सांगितलं, गाजलेली पुस्तकं सगळेच नेतात, त्यात तुझ्याकडे कोण बघतंय! ज्याला कुणी हात लावत नाही ते पुस्तक ने. ग्रंथपालाच्या मनात शिरायचा हाच हमखास रस्ता. इतका पक्का हिशेब मी फळ्यावरसुद्धा कधी मांडलेला नाही.

ग्रंथालयात खिडकी अडवून एक अवाढव्य कपाट उभं होतं. त्यातली पुस्तकं अशी, की झुरळांनीही कंटाळून बिऱ्हाड हलवलेलं. शिट्टीने डिझेल पंपाच्या निगेपासून सुरुवात केली. मग मेंढ्यांचे त्वचारोग, मग टंकलेखन यंत्राची दुरुस्ती. शिक्का मारताना बाई त्याच्याकडे रोखून बघायच्या. तो धावत माझ्याकडे यायचा. "भावोजी, आज तर चांगलं मिनिटभर बघितलं!"

मी म्हणालो, वाढव. त्याने वाढवलं. फुटबॉलचा अख्खा संघ कामाला लावला. त्या कपाटातलं पुस्तक नेल्याशिवाय चेंडूला पाय लावायचा नाही. आमचा गोलकीपर मधल्या सुट्टीत मेंढ्यांच्या खरजेत गढून गेलेला मी या डोळ्यांनी पाहिला. मुख्याध्यापिका तर भारावूनच गेल्या. म्हणाल्या, मुलांना एवढी गोडी लागली आहे, तर असलं आणखी एक कपाट घेऊ.

त्याच दुपारी ग्रंथपालबाई शिक्षकांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर बसल्या. डोळे लाल. त्यांनी सांगितलं ते असं, की पाच वर्षांत कुणीच नेलं नाही तेवढंच पुस्तक बाद करता येतं. त्या कपाटाची पाच वर्षं या महिन्यात भरत होती. ते हलवून खिडकीत मुलांना वाचायला लांबलचक बाक करायचा, सुतारही ठरला होता.

"आणि तुमचे मेहुणे मेलेलं कपाट रोज जिवंत करतायत, सर. मी त्यांचं काय वाकडं केलंय?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

शिट्टीला हे सांगितलं तेव्हा तो पांढराफटक पडला. मी म्हटलं, दोन दिवस जाऊ देत, मी काहीतरी युक्ती काढतो. पण माझ्या युक्त्यांवरचा त्याचा विश्वास उडाला असावा. तो तडक ग्रंथालयात गेला. मागोमाग मी.

"बाई, मी त्यातलं एक पानही वाचलेलं नाही," तो म्हणाला. "तुमच्या टेबलापाशी उभं राहायला काहीतरी कारण हवं होतं."

बाईंनी शिक्का खाली ठेवला.

"मग एवढं सांगायला मध्ये मेंढ्या कशाला आणल्यात?" असं म्हणून त्या ज्या हसत सुटल्या, की वाचनाच्या टेबलावरची मुलंही कारण न कळता हसू लागली.

राहिला कपाटाचा प्रश्न. नेलेली पुस्तकं आता बाद होणार नव्हती. पण शिक्षकांनी हवी तेवढी घरी न्यावीत, अशी सोय आहे, हे बाईंनीच शोधून काढलं. शिट्टीची राहायची एवढीशी खोली. मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

असो. बाईंना खिडकी मिळाली, मुलांना बाक, शिट्टीला बायको आणि माझ्या बायकोला भावजय. माझ्या आरामखुर्चीच्या जागी आता छतापर्यंत डिझेल पंप आणि मेंढ्या आहेत. शिवाय मुदत वाढवायची तर दर पंधरवड्याला प्रत्येक पुस्तक ग्रंथालयात नेऊन दाखवावं लागतं. एकदा धापा टाकत मी बाईंना नव्या नात्याची आठवण करून दिली.

"भावोजी, नियम तो नियम," त्या गोड हसून म्हणाल्या, आणि पुढच्या गठ्ठ्यासाठी हात पसरला. शिट्टी बाकावर आरामात वाचत बसला होता. हमाली तेवढी माझ्याकडे.